मोटरहोमच्या शेडचे माप: उंची नेमकी कुठून कुठपर्यंत धरायची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बसच्या चासीवर बांधून घेतलेले मोटरहोम आहे. बॉडीची लांबी २९ फूट ६ इंच, रुंदी ८ फूट, बॉडीची उंची १० फूट २ इंच आणि छतावरचा एसी धरून ११ फूट २ इंच. प्लॉट नागपूरच्या बेसा परिसरात आहे. फॅब्रिकेटरने ३० फूट लांब, १२ फूट रुंद आणि १२ फूट उंच असे एकाच बाजूला उतार असलेले पत्र्याचे शेड सुचवले आहे. गाडी ११ फूट २ इंच आणि शेड १२ फूट, म्हणजे १० इंच शिल्लक राहतात, तेव्हा एवढे पुरेल का, असे आपण विचारले आहे.

या शेडमध्ये ही गाडी जाणार नाही. फॅब्रिकेटरने काही लपवले आहे असे मला वाटत नाही; त्यांच्या धंद्यात ‘१२ फुटी शेड’ म्हटले की उंच बाजूच्या पत्र्याचा माथा १२ फुटांवर, असाच अर्थ धरला जातो. उतार १ फुटाचा असेल तर सखल बाजूचा माथा ११ फुटांवर येतो. तेथून खाली पत्र्याची नागमोड १ इंच, पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो तो शेडच्या लांबीतला पाइप) ३ इंच आणि राफ्टरचा (पर्लिनखालचा, खांबापासून खांबापर्यंत जाणारा) पाइप ५ इंच, असे एकूण ९ इंच वजा केले की सखल बाजूला लोखंडाचा तळ १० फूट ३ इंचांवर राहतो आणि उंच बाजूला ११ फूट ३ इंचांवर. गाडी मधोमध उभी केल्यास बॉडीची कड सखल बाजूच्या खांबापासून २ फूट आत असते आणि तेथे लोखंडाचा तळ १० फूट ५ इंचांवर असतो, त्यामुळे बॉडी ३ इंचांनी कशीबशी वाचेल. एसी मात्र मधल्या रेषेवर आहे. तेथे तळ १० फूट ९ इंचांवर आणि एसीचा माथा ११ फूट २ इंचांवर, म्हणजे पहिल्याच राफ्टरला एसी ५ इंच धडकेल.

म्हणून ‘शेडची उंची’ हा शब्द कोटेशनमध्ये एकटा कधीही ठेवू नये. तयार फरशीच्या वरच्या पृष्ठभागापासून सर्वांत खालच्या लोखंडाच्या तळापर्यंतची मोकळी उंची किती, आणि ती सखल बाजूला किती व उंच बाजूला किती, असे दोन आकडे लिहून घ्यावेत. ‘तयार फरशी’ हे शब्दही जाणीवपूर्वक घालावेत, कारण खांब उभे राहतात तेव्हा खाली बहुधा उघडी जमीन असते. नंतर मुरूम, वाळू आणि ८० मिलिमीटर जाडीचे पेव्हिंग ब्लॉक आले की अर्धा फूट उंची सहज खाल्ली जाते आणि त्याची आठवण गाडी आत घेतानाच होते.

गाडीची उंचीही कागदावरून घेऊ नये. टाक्या रिकाम्या, सामान उतरवलेले आणि टायरमध्ये पूर्ण हवा, अशा अवस्थेत गाडी सपाट जागेवर उभी करावी. भरलेली गाडी स्प्रिंगवर दबते आणि खोटा दिलासा देते. छतावर आडवी सरळ पट्टी ठेवून, तिला लेव्हल लावून, तिच्या तळापासून जमिनीपर्यंतचे माप घ्यावे. त्यात अँटेना, सोलर पॅनेलची चौकट, हवेच्या झरोक्याचे उघडे झाकण आणि कॅरिअर यांपैकी जे सर्वांत उंच असेल ते धरावे. एसीच धरायचा आणि झरोका विसरायचा, हे बऱ्याच जणांकडून होते.

या मापात दोन गोष्टींची भर घालावी लागते. पहिली म्हणजे रॅम्पची. आपण गाडी मागे घेत शेडमध्ये लावणार असाल तर मागची चाके सपाट फरशीवर पोहोचलेली आणि पुढची चाके अजून रॅम्पवर, असा एक क्षण येतोच. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, १६ फूट आणि मागच्या चाकांमागे निघालेला भाग ८ फूट धरला, तर पुढची चाके १ फूट खाली असताना गाडीचे मागचे टोक ६ इंच वर उचलले जाते. मागे कॅरिअर किंवा दुसरा एसी असेल, तर तो नेमका प्रवेशाच्या पहिल्या राफ्टरखालूनच जात असतो. आपल्या शहरात याची उलट बाजूही पाहावी लागते. अनेक वस्त्यांत सिमेंटचे रस्ते झाल्यानंतर रस्ता उंच आणि प्लॉट खाली अशी स्थिती झाली आहे. तेथे मागे घेताना पुढची चाके वर आणि मागची खाली राहतात, त्यामुळे वर अडत नाही, पण मागचा बंपर किंवा सांडपाण्याच्या टाकीचा नळ जमिनीला घासतो. रॅम्पचा उतार १० फुटांना १ फुटापेक्षा तीव्र ठेवू नये. जागा असेल तर १५ फुटांना १ फूट ठेवावा.

दुसरी भर हवेची. एसीचा माथा आणि लोखंड यांत मी किमान दीड फूट सोडतो. गाडी उभी असतानाही आतला एसी चालवण्याची वेळ नागपूरच्या मे महिन्यात येतेच, आणि त्याने बाहेर टाकलेली गरम हवा तापलेल्या पत्र्याखाली कोंडली की तोच एसी ती पुन्हा ओढतो. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि हा झाला सावलीतला आकडा; उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. छतावर चढून दुरुस्ती करण्यासाठी मात्र उंची वाढवू नये. त्या कामासाठी गाडी बाहेर काढणे स्वस्त आणि सुरक्षितही पडते.

आता बेरीज करू. ११ फूट २ इंच, रॅम्पचे ६ इंच आणि हवेचे १८ इंच मिळून १३ फूट २ इंच होतात. एवढी मोकळी उंची मधल्या रेषेवर हवी. खांबांमधील अंतर १६ फूट आणि उतार १० फुटांना १ फूट ठेवला, तर सखल बाजूला १२ फूट ६ इंच आणि उंच बाजूला १४ फूट १ इंच मोकळे ठेवल्यास मध्यावर १३ फूट ३ इंचांहून थोडे अधिक मिळते. पत्र्याचा माथा उंच बाजूच्या खांबावर १५ फुटांच्या किंचित खाली येईल. खांब आणि राफ्टर यांच्या कोनात बसवायच्या तिरक्या टेका आताच आराखड्यात दाखवून घ्याव्यात. त्या मागाहून ‘मजबुतीसाठी’ म्हणून जोडल्या जातात आणि राखलेली उंची नेमकी कडेला कमी करतात. टेकेचे खालचे टोक बॉडीच्या वरच्या कडेपेक्षा उंचावर असले पाहिजे.

रुंदीचे १६ फूट कुठून आले तेही सांगतो. बॉडी ८ फूट. आपल्याकडे चढण्याचे दार डाव्या बाजूला असते. ते पूर्ण उघडून, पायरी खाली टाकून, हातात सामान घेऊन माणूस बाजूने जाऊ शकेल यासाठी साडेचार फूट. चालकाच्या बाजूला डिकीची झाकणे, पाण्याचे तोंड आणि वीजजोडणी असते, तेथे ३ फूट. उरलेला अर्धा फूट गाडी तिरकी लागण्याचा. मागे घेताना अडचण बॉडीची नसून आरशांची असते. दोन्ही आरसे धरून गाडी साधारण पावणेदहा फूट होते आणि १२ फुटी शेडमध्ये प्रत्येक बाजूला जेमतेम १३-१४ इंच उरतात, तेही गाडी अगदी सरळ आली तर. बाजूची ताडपत्री छत्री शेडमध्येच उघडण्याचा विचार असल्यास हा हिशेब पूर्ण बदलतो आणि एका बाजूचे खांब काढून बाहेर झेपावणारे छत करावे लागते. त्याचा खर्च आणि पाया दोन्ही फार वाढतात. घराच्या अंगणात त्याची गरज नाही असे माझे मत आहे.

लांबीत बॉडी साडेएकोणतीस फूट, मागची शिडी आणि सायकलचे कॅरिअर मिळून अडीच फूट, पुढे चालण्यासाठी अडीच फूट आणि मागे पावसाच्या झडीसाठी साडेतीन ते चार फूट, असे ३८ फुटांच्या आसपास माप येते. येथे बाजारात मिळणाऱ्या मालाचा विचार करावा. प्रोफाइल पत्रा बसवल्यावर साधारण १ मीटर रुंदी झाकतो, म्हणून छताची लांबी पूर्ण मीटरमध्ये ठेवली की पत्रा चिरावा लागत नाही. ३८ फुटांऐवजी १२ मीटर, म्हणजे सुमारे ३९ फूट ४ इंच घ्यावे. चौकोनी पाइप ६ मीटरचे येतात. खांबांमध्ये १६ फूट मोकळे, दोन खांबांची जाडी आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट छज्जा मिळून बरोबर ६ मीटर होतात, म्हणजे अखंड पाइपचा राफ्टर जोड न देता बसतो. छत १२ मीटर बाय ६ मीटर, क्षेत्रफळ ७२ चौरस मीटर. खांबांच्या चार जोड्या ३.६ मीटर अंतरावर आणि दोन्ही टोकांना ०.६ मीटर छज्जा, अशी मांडणी होते.

याच ७२ चौरस मीटरांमुळे पुढचा प्रश्न उभा राहतो आणि तो विचारणारे फार थोडे भेटतात. शेड कोसळण्याची भीती सगळ्यांना असते. उघडे शेड प्रत्यक्षात उडून जाते. वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद दिला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब सुमारे ११६० न्यूटन प्रति चौरस मीटर येतो, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. भूभागाचे, उंचीचे आणि छताच्या कोनाचे गुणांक इंजिनिअर लावतीलच. ढोबळ अंदाजासाठी गुणांक १ धरला तर पूर्ण छताला वर उचलणारे बल साडेआठ टनांच्या घरात जाते. पत्रा आणि लोखंड मिळून छताचे वजन चौरस मीटरला २० किलो धरले, तर ते होते दीड टनाहून कमी. उरलेले ७ टन आठ खांबांनी जमिनीत धरून ठेवायचे आहेत. मधल्या प्रत्येक खांबाच्या वाट्याला १०.८ चौरस मीटर छत येते, म्हणजे त्याला वर ओढणारा जोर १ टनाच्या थोडा वर.

आता पाया पाहा. फॅब्रिकेटर सहसा दीड फूट बाय दीड फूट आणि २ फूट खोल खड्डा करून खांब त्यात काँक्रीटने बसवतात. त्या ठोकळ्याचे वजन सुमारे ३०० किलो. ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३ फूट खोल ठोकळ्याचे वजन सुमारे १८०० किलो होते आणि मधल्या खांबाला तोच शोभतो. लोखंड दुप्पट जाडीचे घेतल्याने ही उणीव भरून निघत नाही, आणि कोटेशनमध्ये लोखंडाचे किलो ठळक व पाया एका ओळीत उरकलेला, हेच चित्र मी वारंवार पाहतो. खांबाच्या तळाला बेस प्लेट आणि ती काँक्रीटला धरून ठेवणारे अँकर बोल्ट घ्यावेत. बोल्ट काँक्रीट ओतण्यापूर्वी साच्यात धरून बसवावेत, नंतर भोक पाडून ठोकू नयेत. पर्लिन राफ्टरला आणि पत्रा पर्लिनला ज्या स्क्रूंनी धरला जातो तेही याच साखळीतले असल्यामुळे छताच्या कडेच्या दोन ओळींत स्क्रू दाट ठेवावेत, कारण वादळात पत्रा कडेपासूनच उचलला जाऊ लागतो.

पावसाची झड नको म्हणून एक बाजू पूर्ण पत्र्याने बंद करण्याचा मोह होतो. वारा येणारी बाजू उघडी आणि त्याच्या पुढची बंद असली, तर आत शिरलेल्या हवेला निघायला वाट उरत नाही आणि छतावरचा उचल-भार वाढतो. शिवाय त्या बंद बाजूवरच आडवा भार येतो तो वेगळा. बाजू बंद करायचीच असेल तर आताच ठरवावे, म्हणजे इंजिनिअर खांब व पाया त्या हिशेबाने देतील. दोन वर्षांनी खांबांवर पत्रे ठोकणे म्हणजे एका शेडचा हिशेब दुसऱ्याच शेडला लावणे होय.

माती हा आपल्या भागातला स्वतंत्र विषय आहे. शहराच्या पश्चिमेला टेकड्यांच्या बाजूने मुरूम लवकर लागतो. इतरत्र अनेक प्लॉटवर काळी माती आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. तिच्यावर उथळ ठोकळा ठेवला तर तो दर ऋतूत थोडा वर-खाली होतो, आणि आठ खांब एकसारखे हलत नसल्याने राफ्टरचे जोड पिळवटतात. खांबाच्या जागी दोन ठिकाणी खड्डा करून मुरूम किती खोलीवर लागतो ते आधी पाहावे. चार-पाच फुटांत लागला तर ठोकळा त्यावर टेकवावा. लागला नाही, तर काळ्या मातीसाठीच प्रचलित असलेले, खोलवर जाऊन तळाशी फुगीर केलेले अंडर-रीम्ड पाइल करावेत. ते उचल-भारालाही चांगले धरून राहतात. फरशीखालची काळी माती शक्य तेवढी काढून मुरूम थरांत दाबून भरावा आणि वर ६ इंच काँक्रीट घ्यावे. फरशीला मागून पुढे १०० फुटांना १ फूट एवढा उतार पुरे.

उन्हाबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे, तो म्हणजे वर छत आले की गाडी सावलीत आली. नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्याने मे अखेरीस आणि जुलैच्या मध्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि त्या वेळी छत उत्तम काम करते. मात्र मे महिन्यात दुपारी ४ वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असतो. चालकाच्या बाजूचा ३ फुटांचा बोळ पश्चिमेला आहे आणि छताची सखल बाजूही तीच आहे असे धरा. दीड फूट छज्जा आणि खांबाची जाडी मिळून पत्र्याची कड गाडीपासून पावणेपाच फूट बाहेर येते. त्या कोनात सावली पत्र्याच्या कडेखाली साधारण साडेतीन फूटच उतरते, म्हणजे बॉडीचा वरचा जेमतेम फूटभर भाग झाकला जातो आणि उरलेली बाजू, खिडक्यांच्या रबरासह, सूर्यास्तापर्यंत भाजत राहते. छज्जा आणखी १ फूट वाढवून सावली ९ इंच वाढेल आणि वाऱ्याचा उचल-भार मात्र नक्की वाढेल. शक्य असल्यास शेडची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी. प्लॉट ते होऊ देत नसेल, तर सखल बाजू पश्चिमेला घेऊन तेथे हिरवी जाळी काढता-घालता येईल अशी लावावी. मृगाच्या आधीची वादळे येऊ लागली की जाळी काढून ठेवता येते, हा तिचा पत्र्यावरचा मोठा फायदा.

छताला फिक्या रंगाचा ०.५ मिलिमीटर रंगीत पत्रा पुरेसा आहे. पारदर्शक पत्र्याची एखादी पट्टी उजेडासाठी घालावी असा सल्ला मिळेल. तो मानू नये. उष्णता तर आत येतेच, आणि विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या गारपिटीत पहिली तीच फुटते. पर्लिनसाठी उघड्या सी-आकाराऐवजी बंद पाइप घ्यावा, नाही तर त्या खाचेत कबुतरे मुक्काम ठोकतात. ताशी १०० मिलिमीटर पाऊस धरला तर या छतावरून तासाला ७२०० लिटर पाणी एकाच कडेला येते. म्हणून सखल बाजूला पन्हाळ आणि दोन्ही टोकांना ११० मिलिमीटरचा एकेक पाइप द्यावा. एक पाइप पाने अडकून तुंबेलच, दुसरा काम करत राहील.

गाडीच्या छतावर सोलर असेल तर शेडखाली ते निरुपयोगी आहे. त्यामुळे बॅटरी चार्जिंगसाठी चालकाच्या बाजूच्या खांबावर १६ अँपिअरचा जलरोधक सॉकेट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग घ्यावे. पॅनेल शेडवरच बसवण्याची इच्छा असल्यास ते आताच इंजिनिअरला सांगावे.

वरून जाणाऱ्या तारा डोळ्यांनी पाहून सोडून देऊ नयेत. घरगुती दाबाच्या तारेपासून उभे २.५ मीटर आणि आडवे १.२ मीटर, तर ११ केव्हीच्या तारेपासून उभे ३.७ मीटर आणि आडवे १.२ मीटर अंतर नियमाने लागते. पत्र्याचा माथा १५ फुटांवर जातो तेव्हा हा प्रश्न खरा होतो. तसेच आपला प्लॉट महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास किंवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांपैकी ज्यांच्या हद्दीत येतो त्यांच्याकडे, सामासिक अंतरात, म्हणजे प्लॉटच्या हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, असे पक्क्या पायाचे शेड चालेल का, हे आर्किटेक्टमार्फत लेखी विचारून घ्यावे. शेजारी आज हरकत घेत नाही, यावर जाऊ नये.

खड्डे खणण्यापूर्वी जमिनीवर फक्कीने खांबांच्या आठही जागा आखाव्यात, तेथे बांबू उभे करावेत आणि गाडी रस्त्यावरून वळवून प्रत्यक्ष आत घ्यावी. वळताना मागचे टोक बाहेर किती फेकले जाते आणि फाटकाचा खांब कोठे आडवा येतो, हे कोणत्याही नकाशापेक्षा यात लवकर कळते. फाटक १२ फुटांचे आणि समोरचा रस्ता अरुंद असेल, तर आधी फाटक रुंद करावे लागेल.

एवढी जागा निघत नसेल तर काय कमी करायचे, हेही ठरवून ठेवावे. चालकाच्या बाजूचे ३ फूट २ फुटांवर आणता येतील. पुढचे अडीच फूट पूर्ण सोडून देता येतील, कारण समोरची काच उन्हापावसापासून झाकायला आवरण पुरते. दाराच्या बाजूचे साडेचार फूट ४ करता येतील. मोकळी उंची आणि पायाचा आकार यांत मात्र इंचभरही कपात मान्य करू नये.